पाऊण इंचाचा ब्रेक

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम म्हटलं. चिडलेली माणसं उत्तर लवकर पाठवतात, असा माझा अनुभव आहे. फोनच केला असता, पण आमचा फोन बैठकीच्या खोलीत आणि तुझा दादा फोनच्या शेजारी. जन्मभर दातांचा दवाखाना चालवला, समोरचा माणूस कायम तोंड उघडून गप्प बसलेला. आता ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून हे दुसऱ्यांचं ऐकत बसतात. तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस. माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

काम असं आहे. आपल्या पिवळीचा ब्रेक सुधारायचा आहे. पावसाळ्यापासून ती कव्हरखाली झाकून ठेवली आहे. विचारलं की म्हणतात, "ब्रेक गेलाय तिचा, आता काही खरं नाही." आणि गेल्या आठवड्यात एक दाढीवाले गृहस्थ येऊन गाडी बघून गेले. चारी बाजूंनी फिरले, बॉनेटवर हात फिरवला, मी शिवलेल्या कापडी छताला "हे बदलून टाकू" म्हणाले. तेव्हाच तो माणूस माझ्या मनातून उतरला. एप्रिलच्या सुरुवातीला ते पुन्हा येणार आहेत आणि पसंत पडली तर घेऊन जाणार आहेत.

मला पिवळी जायला नको आहे. ब्रेक नीट झाला तर विकायला कारणच राहणार नाही, असा माझा हिशेब. तुझं ब्रेकचं दुकान एवढं नावाजलेलं, मग मी दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे बघू? गाडी वेळेवर थांबत नाही हे मात्र खरं. परवा अंगणातल्या अंगणात पाण्याच्या पिंपाला जाऊन लागली. पिंपाला पोचा आला, पिवळीला काही झालं नाही.

यांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. तुझी शपथ वगैरे घालत नाही, पण तू समजून घे.

तुझी,
वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

चिडले, आणि लगेच लिहायला बसले. जिंकलीस.

आधी एक भांडण. दादाने मला पावसाळ्यापासून एकदाही घरी येऊ दिलं नाही. एकदा म्हणे घराला रंग चाललाय, एकदा पाहुणे आहेत, एकदा तुम्हीच बाहेरगावी निघाला होता. सख्खी बहीण आहे की वसुलीवाली? तूही त्याला सामील दिसतेस. बरं, ते नंतर बघू.

दादासारखा माणूस अंगणात पिंपाला धडकतो, म्हणजे ब्रेकचं काम गंभीर आहे. चाकांकडचं सगळं मी मागच्या खेपेला बघून गेले होते, ते ठीक असणार. माझा संशय मास्टर सिलिंडरवर आहे. घाबरू नकोस, नाव मोठं असलं तरी आत काही विशेष नसतं. दादाच्या दवाखान्यातली इंजेक्शनची सिरिंज आठव. पेडल म्हणजे अंगठा, मास्टर सिलिंडर म्हणजे सिरिंज. पेडल दाबलं की आतलं तेल नळ्यांतून चाकांकडे ढकललं जातं आणि चाकं धरली जातात.

आता कोणता सिलिंडर लावलाय हे मला नक्की कळायला हवं. बाहेरून सगळे सारखेच दिसतात आणि लोक इथेच फसतात. बॉनेट उघड. ड्रायव्हरच्या पायासमोरच्या पत्र्यावर, इंजिनाच्या बाजूला, वर तेलाची डबी असलेला लोखंडी नळकांड्यासारखा भाग दिसेल. त्यावर ठसठशीत वर आलेले आकडे असतील. ते आकडे साच्याचे असतात, त्यांच्यावर जाऊ नकोस. त्यावरून माल मागवला की हमखास भलतंच येतं. अंगावर बारीक कोरलेला आकडा शोध. त्यावरून बोअर कळतो, म्हणजे आतल्या नळीची रुंदी. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासून ठसा घे. किती बोल्टांनी बसवलाय, बोल्टांमधलं अंतर किती, तेलाची डबी एक की दोन, सगळं कळव. जमलं तर पत्र्यावर टेकणाऱ्या बाजूचा पुठ्ठ्याचा नमुना काप.

माझा अंदाज, जुना झिजला असणार. मी एक माप मोठा पाठवते. दादाच्या पायात बैलाचं बळ आहे. त्याला ब्रेक दगडासारखा घट्ट आवडतो, हे मला त्याने सायकल शिकवली तेव्हापासून माहीत आहे.

नणंद (वन्सं नव्हे)


२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पुठ्ठ्याचा नमुना म्हणे! अगं, जन्मभर मी दुसरं काय केलं? माणसाच्या खांद्याचा उतार कागदावर उतरवणाऱ्या बाईला लोखंडाचा चौकोनी तुकडा अवघड जाणार आहे का? सोबत खाकी कागदावर बेतलेला खाका आहे. काठाला शिलाईसाठी जागा सोडलेली नाही, काळजी नसावी. बोल्ट दोन आहेत. तेलाची डबी एकच. पेडलापासून सिलिंडरपर्यंत जी दांडी जाते तिचीही लांबी टेपने मोजली. बारीक आकडा सापडायला मात्र वेळ लागला, कारण त्यावर मळ आणि रंग दोन्ही बसले होते. मी खडू चोळला तेव्हा तो उठून आला. ठसा बटर पेपरवर घेतला आहे, पाकिटात बघ.

आता गंमत ऐक. हे फिरायला गेले असं बघून मी गॅरेजमध्ये शिरले. दांडी बघायला खाली डोकं घालावं लागतं ना, म्हणून पुढे ओढलेली सीट मागे सरकवली आणि दार उघडं टाकून आडवी झाले. अंगात माझं ते लाल स्वेटर, ज्याला तू आगीचा बंब म्हणतेस. आणि हे आले परत! गॅरेजच्या दारात उभे राहिले. माझे पाय गाडीच्या बाहेर लोंबकळत होते. मी श्वास रोखला. हे सरळ समोर बघत म्हणाले, "कोण आहे? मांजर आहे का?"

मला काय सुचलं देव जाणे, मी म्याव केलं.

"शुक," म्हणाले आणि निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने मला मांजर म्हणून हाकललं ते पहिल्यांदाच. नंतर चहाच्या वेळी मी हसू दाबता दाबता बिस्किटाचा घास घशात अडकवून घेतला.

मोठा सिलिंडर पाठवणार असशील तर लवकर पाठव. दाढीवाल्यांचा फोन येऊन गेला.

तुझी,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

ठसा वाचला आणि माझा हात कपाळावर गेला. वर "१" कोरलाय, म्हणजे अख्खा एक इंच! पिवळी या घरात आली तेव्हा तिचा सिलिंडर पाऊण इंचाचा होता. मी स्वतः दोनदा त्याचे रबर बदललेत, मला डोळे मिटूनही सांगता येईल. हा एक इंचाचा एखाद्या मालवाहू गाडीचा असणार. दादाने कधी बदलला? कोणाच्या सांगण्यावरून? मला न विचारता! माझ्या भावाने माझ्याच धंद्यात माझ्या पाठीमागे दुसऱ्याचा माल लावला. या गोष्टीवर मी त्याच्याशी स्वतंत्र भांडणार आहे.

पण आता खरी गोष्ट ऐक. मोठा सिलिंडर मी बांधून ठेवला होता, चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती. तो सोडून परत फळीवर ठेवला. कारण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि ब्रेकची बाई असले तरी मी दादाची बहीणही आहे.

एक इंचाच्या सिलिंडरला पाऊण इंचाच्या जवळजवळ पावणेदोनपट जोर लागतो. जाड सिरिंज दाबताना अंगठ्याला जास्त जोर लागतो ना, तसं. पेडल थोडंसंच जातं आणि दगडासारखं घट्ट लागतं. दादाला ते आवडणारच. त्याच्या पायाने गाडी जागच्या जागी थांबत असणार. मग पिंपाला कोण लागलं?

दुसरं. दादा ताडमाड उंच. तो बसला की सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे. तू लिहितेस, "पुढे ओढलेली सीट." पुढे कोणी ओढली?

तिसरं. आगीच्या बंबासारखं स्वेटर घातलेली बाई गाडीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती आणि माझ्या भावाला मांजर वाटलं? वहिनी, हसायला मीही हसले. पण हसून झाल्यावर मला हसू येईनासं झालं.

ब्रेक गाडी बघून बसवत नाहीत, पाय बघून बसवतात. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि तुला विचारायचा राहिला, ती माझी चूक. आता विचारते. पाय कोणाचा? खरं लिही. नाहीतर पार्सल मिळणार नाही.

तुझी,
नणंद


२२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पाय माझा.

हे दोन शब्द लिहून मी सुई-दोरा घेऊन बसले, एका गिऱ्हाइकाच्या कोटाला सगळी बटणं लावली, आणि मग पुन्हा पेन उचललं.

तुझ्या दादाच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. उशिरा कळलं. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचतात, माझ्या डाळीतला खडा हेरतात, पण कडेचं गेलं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. आहे तेवढं औषधाने टिकेल, गेलेलं परत येणार नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं, आणि तेही असं सांगितलं की यांना वाद घालता आला नाही. घरी आल्यावर म्हणाले, "बारकीला कळवायचं नाही. ती धावत येईल आणि रडेल, मग मला तिची समजूत काढावी लागेल." म्हणून तुझ्यासाठी रंगकाम निघालं, पाहुणे आले. मला तुझ्याशी खोटं बोलताना फार वाईट वाटत होतं, ते आज लिहून टाकते.

पिवळी विकायची आहे ती ब्रेकमुळे नाही. ती दारात उभी बघवत नाही, म्हणून. रोज सकाळी कव्हरावरून हात फिरवतात आणि आत येऊन उगीच माझ्यावर खेकसतात.

मी एकदा म्हटलं, मी चालवते की! लायसन्स आहे माझ्याकडे, दुकानाचं सामान आणायला शेजारणीची गाडी मी बरीच चालवते. हे हसले गं. वाईट हसले नाहीत, लाडाने हसले, त्याचाच जास्त राग आला. म्हणाले, "तिचा ब्रेक तुला झेपायचा नाही." म्हणून ते डॉक्टरकडे गेलेले बघून मी अंगणात गाडी काढून बघितली. दोन्ही पायांनी पेडल दाबलं आणि तरी पिंपापर्यंत पोचले. म्हणजे त्यांचं खरं होतं. मी गाडीत बसून रडले, मग पिंपाचा पोचा ठोकून काढला.

तू म्हणशील म्हातारपणी हे काय खूळ. पण ऐक. या माणसाने मला या गाडीतून सगळीकडे फिरवलं आणि मी कायम डावीकडे बसून मफलर सांभाळला. आता त्यांना कोणी फिरवायचं? दाढीवाल्याने? पायाने शिलाई मशीन चालवून माझं आयुष्य गेलं. रेशमावर किती दाब आणि गोणपाटावर किती, हे माझ्या पायाला विचार. हा पाय एका पेडलाला घाबरतो, हे मला मान्यच नाही.

आता पाठव काय पाठवायचं ते. आणि रडू नकोस.

तुझी,
वहिनी


३ मार्च

वहिनी,

रडले. दुकानाच्या मागे कॉम्प्रेसर चालू करून रडले, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. मग तोंड धुतलं, फळीवरून माल काढला. त्याच वेळी निघून यावं असं वाटलं होतं. पण मी आले की दादाला कळेल तू मला सांगितलंस, आणि तुझ्यावरचा त्याचा विश्वास मी मोडणार नाही. तो स्वतः बोलावील तेव्हाच येईन.

सोबतच्या खोक्यात तुझा सिलिंडर आहे. पाऊण इंचाचा, पण जुन्यासारखा एका कप्प्याचा नाही, दोन कप्प्यांचा. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक नळी फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. सुधारणा म्हणतात ती याला. मोठं ते चांगलं ही समजूत दादासारख्या पैलवानांची. तुझ्या खाक्यावरून शेजारच्या लेथवाल्याने जोडपट्टी बनवली. त्याने विचारलं, हे ड्रॉइंग कोणत्या इंजिनीयरचं? मी म्हटलं, ब्लाउज शिवतात त्या. तो तुला नमस्कार सांगतो. नळ्या मी इथेच वाकवून दिल्या आहेत, टोकांना चिठ्ठ्या बांधल्यात. कशानंतर काय करायचं ते वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नकोस, रंग पापुद्र्यासारखा निघतो. जुन्या चादरी अंथर. आणि नवीन पेडल खोल जाईल, त्याला घाबरू नकोस. जोर कमी लागणार म्हणजे पाय जास्त जाणार, ती त्याची किंमत. तळाशी टेकलं किंवा उशीसारखं दबलं तर मात्र आत हवा राहिली असं समज.

आणि आता मुख्य अडचण. सगळं बसवून झालं की हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याने होत नाही. एकाने पेडलावर बसायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचं. चाकाशी बसणारा म्हणतो "दाब", पेडलवाला दाबून धरतो, निपल उघडतं, हवा जाते, निपल बंद होतं, मग म्हणायचं "सोड". क्रम चुकला तर हवा परत आत. तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या पोटात काही राहत नाही असं तूच सांगितलं होतंस. त्याला शेवटी तपासायला बोलाव, तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. पण हवा काढायला घरातलाच माणूस लागेल, आणि तुझ्या घरात दुसरं माणूस एकच आहे.

सांग त्याला.

नणंद


१७ मार्च

प्रिय बारके,

अक्षर मोठं आहे आणि ओळी डोंगर चढल्यासारख्या गेल्या आहेत. कारण तुला आता माहीत आहे, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. तू रडलीस हेही कळलं. ते मी सांगितलंच होतं.

रविवारी तुझी वहिनी मला म्हणाली, "जरा गॅरेजमध्ये येता का, दोन मिनिटांचं काम आहे." मला वाटलं मांजराने पिल्लं घातली. बघतो तर बॉनेट उघडं, घरातल्या सगळ्या चादरी पिवळीच्या अंगावर, आणि ही हातात पाना घेऊन चाकाशी बसलेली. म्हणाली, "आत बसा. मी दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. मध्ये बोलायचं नाही." बारके, मी आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणत आलो. माझ्यावर हा प्रसंग येईल असं वाटलं नव्हतं.

"हे काय आहे?" म्हटलं.

"आधी दाबा, मग सांगते."

दाबलं. ती "धरा" म्हणाली, धरलं. "सोडा," सोडलं. मागचं डावं चाक झालं, उजवं झालं, आणि तेवढ्या वेळात तिने चाकाआडून सगळं सांगून टाकलं. पिंप, पाय, तुझी पत्रं, सगळं. मला चिडायचं होतं. पण चिडायला तोंड उघडलं की "दाबा!" अशी आरोळी यायची. शेवटचं चाक होईपर्यंत माझा राग निघून गेला. हवेबरोबर गेला असेल.

एक इंचाचा सिलिंडर मीच लावून आणला होता. क्लबमधला एक मित्र म्हणाला होता, शर्यतीच्या गाड्यांना असाच असतो. तुला विचारलं नाही कारण तू नाही म्हणाली असतीस. सिरिंजचं मला कळायला हवं होतं, जन्मभर तीच दाबली. आता भांड.

नवीन ब्रेकबद्दल माझं मत विचारशील तर तो ब्रेक नाही, लोणी आहे. गॅरेजवाल्याने तपासला, रस्त्यावर नेऊन आणला आणि उत्तम आहे म्हणाला. सगळ्या गल्लीत सांगूनही झालं असेल.

मग ही मला बाजूला बसवून टेकडीच्या रस्त्याने घेऊन गेली. चालवते चांगली. हे तिला सांगू नकोस. पण मला तिथे बसवत नाही गं. समोरचा रस्ता दिसतो, कडेचं काही दिसत नाही, आणि प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय जमिनीत घुसतो. तिथे काहीच नाही. सपाट पत्रा. पाय आधार शोधतो आणि मिळत नाही. घरी आल्यावर पोटरी दुखत होती. मी तिला काही बोललो नाही, पण दाढीवाल्यांना नाहीही म्हणालो नाही. ते चार एप्रिलला येतील. मला गाडी हवी आहे आणि त्या सीटवर बसायची हिंमत नाही, असं आहे हे.

जुना सिलिंडर पुसून टेबलावर ठेवला होता. बघवत नाही. तुझ्याकडे पाठवतोय, भंगारात घाल.

तुझा,
दादा


२७ मार्च

दादा,

भांडण उधार ठेवलंय, समोरासमोर करीन.

सोबतचं खोकं वजनदार आहे, वहिनीला उचलू देऊ नकोस. आत तुझाच एक इंचाचा सिलिंडर आहे. भंगारात घालवेना. त्याला एक पेडल जोडलं, खाली लोखंडी पाट दिला. तेल भरलं आणि तेल बाहेर जायची वाट बंद करून टाकली. हे सगळं डावीकडच्या सीटसमोर, तुझ्या पायाखाली बोल्टने बसवायचं. भोकं कुठे पाडायची त्याचा खाका वहिनी बेतेल.

स्पष्ट सांगते, तुझ्यापासून आता कोणी काही लपवणार नाही. हा ब्रेक कशालाही जोडलेला नाही. तू कितीही दाबलास तरी चाकाला त्याचा पत्ता लागणार नाही. गाडी थांबवणार वहिनीच. पण तुझ्या पायाला जो दगड हवा असतो, तो तिथे असेल. वळण आलं की दाब.

आणि एक. नुसतं बंद करून दिलं असतं तर भिंतीला लाथ मारल्यासारखं लागलं असतं. म्हणून आत थोडी हवा मुद्दाम ठेवली आहे. माझ्या दुकानातून मुद्दाम हवा ठेवून गेलेला हा पहिला ब्रेक. कोणाला सांगू नकोस, माझी अब्रू जाईल.

बारकी


५ एप्रिल

प्रिय वन्सं,

काल दाढीवाले आले. पैसे घेऊनच आले होते. आणि मी छातीवर दगड ठेवून चहा टाकला, कारण तुझ्या दादाने सकाळपर्यंत हो किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं. पेडल आदल्या दिवशी बसवून झालं होतं. यांनी त्याच्यावर पाय ठेवून एकदा दाबून बघितलं, "हं" म्हणाले आणि झोपायला गेले. त्या "हं"चा अर्थ लावत मी तळमळत होते.

चहा झाल्यावर हे म्हणाले, "एक फेरी मारून येतो, मग बोलू." दाढीवाल्यांना वाटलं आपल्याला नेणार. ते उठलेसुद्धा. हे जाऊन डाव्या सीटवर बसले आणि मला हाक मारली, "चला, ड्रायव्हर." दाढीवाले फाटकाशी उभे राहिले.

टेकडीच्या चढाला ठीक होतं. उताराला लागलो आणि पहिल्या वळणावर मला बाजूने दाणकन आवाज आला. यांनी दाबला. मी बघितलं नाही, रस्ता बघत होते. दुसऱ्या वळणावर पुन्हा. पण या वेळी मान ताठ नव्हती, हात दाराला आवळून धरलेला नव्हता. तिसऱ्या वळणावर तर शीळ घालत होते. किती महिन्यांनी ऐकली मी ती शीळ! बेसूरच आहे, पण माझे डोळे भरून आले, आणि उतारावर डोळे भरून येणं बरं नाही म्हणून मी स्वतःला दटावलं.

खाली बाजाराच्या तोंडाशी डाव्या गल्लीतून एक सायकलवाला अचानक आडवा आला. यांच्या डाव्या कडेने. यांना तो दिसला नसणार. मी दाबला. पेडल गेलं खोल, अगदी शिलाई मशीनच्या पायपट्टीसारखं हाताळता आलं, आणि पिवळी हूं की चूं न करता थांबली. चाकं घासली नाहीत की काही नाही. सायकलवाला हात करून निघून गेला. गाडी पुढे झुकली तसा यांचाही पाय आपोआप दाबला गेला होता, तो अजून तसाच धरून होते.

म्हणाले, "बघितलंस? वेळेवर दाबला."

मी म्हटलं, "हो. छान लागला."

"तुझा," म्हणाले. "मी तुझ्याबद्दल बोलतोय." आणि मग पाय काढला.

परत आलो तेव्हा दाढीवाले फाटकाशी ताटकळत होते. यांनी उतरून त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "माफ करा. गाडी विकायची नाही. हिला आता दोन ब्रेक आहेत, आणि दोन्ही सवयीचे झालेत." ते गृहस्थ मला विचारायला लागले, दोन ब्रेक म्हणजे काय. मी म्हटलं, तुम्ही चहा घ्या. जाताना छताकडे बघून म्हणाले, शिवण सुबक आहे हो. एकदम वाईट माणूस नाही.

आता हे पत्र ओढून घ्यायला तुझ्या दादाने हात पुढे केलाय, खाली काय लिहितात बघते.

तुझी,
वहिनी

ता. क. बारके, तुझ्या पेडलात हवा राहिली आहे. काढायला ये. एकट्याने होत नाही ते काम, तूच लिहिलं होतंस. घराला रंग वगैरे काही चाललेलं नाही. — दादा